पडशी आणि खोगीरभरती

घोड्याच्या पाठीवर घालायच्या गादीदार बैठकीला खोगीर म्हणतात, आणि त्या बैठकीला जाडी यावी म्हणून तिच्या पोटात कोंबलेल्या चिंध्या, लोकर व गवत यांना खोगीरभरती असे नाव होते. पुढे हाच शब्द कोणत्याही निरुपयोगी भरीला लागू झाला आणि घोडा विस्मरणात गेला तरी भाषेत टिकून राहिला. त्याच्याच शेजारचा दुसरा शब्द पडशी. मध्ये दुमडून खांद्यावर किंवा जनावराच्या पाठीवर टाकता येईल आणि दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी दोन कप्प्यांची पिशवी म्हणजे पडशी, आणि तिची खुबी अशी की एका कप्प्यात जास्त भरले की ती घसरते, म्हणून भरणाऱ्याला प्रत्येक वस्तूचे वजन हाताने जोखावेच लागते. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाची चपळाई ज्या अनेक गोष्टींवर उभी होती, त्यांत स्वाराच्या सोबतीचे सामान त्याच्याच घोड्यावर मावते, मागे गाड्यांची रांग नसते, ही एक मोठी गोष्ट होती. आणि १७६१ मध्ये पानिपतावर सैन्यासोबत असलेल्या बुणग्यांचा, म्हणजे न लढणाऱ्या माणसांचा व त्यांच्या सामानसुमानाचा, भार रसदेला आणि हालचालींना किती जाचक ठरला, हे इतिहासकारांनी वेळोवेळी नोंदवले आहे. घोड्याची जागा मोटारसायकलीने घेतली तरी पडशी आणि खोगीरभरती यांच्यातला हा झगडा जसाच्या तसा राहिला असून, अनेक दिवसांच्या हौशी मोटरक्रीडा प्रवासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

मोटरक्रीडा म्हटले की डोळ्यांपुढे वेगाची शर्यत येते. परंतु हौशी लोकांच्या वाट्याला येणारा तिचा सर्वांत सुलभ प्रकार वेगाचा नसून नेमकेपणाचा असतो. वेळ, वेग आणि अंतर या तिन्हींचा मेळ घालायला लावणाऱ्या या रॅलीला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीएसडी रॅली म्हणतात. तिच्यात संयोजक प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात, वाटेत न सांगितलेल्या ठिकाणी वेळनोंदीची ठाणी बसवतात, आणि स्पर्धक ठरल्या वेळेच्या आधी पोहोचला काय किंवा नंतर पोहोचला काय, दोन्हींसाठी दंडाचे गुण देतात. साध्या रस्त्यावरच्या मोटारी व मोटारसायकली घेऊन भाग घेता येत असल्याने हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यातला आहे. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने महिलांसाठी भरवलेल्या रॅली याच जातीच्या आहेत. एका दिवसाच्या रॅलीत सामानाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. मात्र तोच खेळ तीन, चार किंवा पाच दिवसांचा झाला, आणि मागे सामान वाहणारी सेवागाडी नसली, की काय घेतले आणि कसे बांधले हा खेळाचाच एक भाग होतो. ठरवलेली सरासरी ताशी ३६ किलोमीटर असेल आणि रेनकोट पिशवीच्या तळाशी असल्यामुळे स्वाराची ५ मिनिटे गेली, तर तो ३ किलोमीटर मागे पडतो. पुढे ताशी ४५ च्या वेगाने गेला तरी ते ३ किलोमीटर भरून काढायला त्याला २० मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवधीत एखादे वेळनोंदीचे ठाणे लागलेच तर दंड ठरलेला. सामानाची मांडणी म्हणजे वेळेचीच मांडणी, हे या हिशेबातून उघड होते.

सेवागाडीविना स्पर्धा करण्याची परंपरा जगभर आहे आणि तिचा मान मोठा आहे. डकार रॅलीत साहाय्यक पथक न घेता उतरणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा एक स्वतंत्र वर्ग असतो. त्यांना सुट्या भागांसाठी व हत्यारांसाठी ८० लिटरची एक पेटी मिळते, ती संयोजक पुढच्या मुक्कामी नेतात, आणि दिवसभर वाळूत गाडी हाकल्यावर रात्री तीच पेटी उघडून स्वार स्वतः आपली गाडी दुरुस्त करतो. अमेरिकेत ड्रॅग वीक नावाची स्पर्धा २००५ पासून भरते. तिच्यात आठवडाभर रोज वेगवेगळ्या धावपट्टीवर शर्यत करायची, आणि एका धावपट्टीपासून दुसरीपर्यंतचे अंतरही त्याच गाडीने, आपले सामान व हत्यारे आपणच वाहून, रस्त्याने कापायचे असते. लांब पल्ल्याच्या अशा स्पर्धांशी महाराष्ट्राचा आलेला एक जुना संबंध मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीकडे निघालेल्या महारॅलीत ९८ मोटारी होत्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा मार्ग काढत त्या दिल्लीवरून मुंबईला आल्या, आणि येथवर टिकलेल्या ७२ मोटारी चुसान नावाच्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे नेण्यात आल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क आघाडीवर होता, पण जिंकला अँड्र्यू कोवन, तोही हिलमन हंटर या कोणाच्या फारशा हिशेबात नसलेल्या कौटुंबिक मोटारीतून. वेगवान गाडी मोडली आणि साधी गाडी पोहोचली, हा या प्रकारच्या खेळातला वारंवार दिसणारा निकाल आहे, आणि सामानाच्या बाबतीतही तो लागू पडतो.

आता हाच प्रश्न परभणी जिल्ह्यातील झरीहून निघणाऱ्या स्वाराच्या बाजूने पाहू. झरी हे परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव असून परभणी तालुक्यातील एका महसूल मंडळाचे ठिकाण आहे. येथून बोरी, जिंतूर ओलांडून लोणार, तेथून वेरूळ आणि पैठणवरून परत अशी तीन-चार दिवसांची फेरी मराठवाड्यातील स्वाराला घराच्या उंबऱ्यापासून सुरू करता येते, आणि तिच्यात दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची जवळजवळ सगळी रूपे भेटतात: उघडा माळ, घाट, तळ्याचे विवर, कोरलेली लेणी, आणि यांच्या दरम्यान मैलोगणती पसरलेली काळी जमीन. या काळ्या जमिनीचे वर्तन समजून घेतल्याशिवाय येथील सामानाची यादी करता येत नाही. तिच्यात माँटमोरिलोनाइट या जातीच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. या मातीचे कण पत्त्यांच्या जुडीसारखे थरांचे असून पाणी त्या थरांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते, वाळली की आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. म्हणूनच काळ्या जमिनीतून काढलेला रस्ता काही वर्षांत लाटांसारखा उंचसखल होतो, आणि म्हणूनच पावसाळ्यात पांदणीत, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, मोटारसायकल घातली की चिखल चाकाला चिकटून मडगार्डच्या आत साचतो आणि शेवटी चाक फिरेनासे होते. या संकटावर दुकानातले कोणतेही महागडे हत्यार चालत नाही. चालते ते खुरपे. पातळ, वाकलेल्या पात्याचे, मुठीत मावणारे, दोनएकशे ग्रॅमचे हे शेतातले अवजार टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत शिरते, आणि झरीच्या परिसरात ते नाही असे घर सापडणे कठीण आहे.

पावसाचे मोजमापही येथे सर्वांच्या परिचयाचे आहे, कारण पिकांच्या नुकसानभरपाईची चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्याची नोंद अतिवृष्टी म्हणून होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, तेव्हा झरी मंडळात अतिवृष्टीच्या दिवशी उघड्यावर ठेवलेल्या, वरून ३० बाय ४० सेंटिमीटर असलेल्या एका साध्या पिशवीवर दिवसभरात जवळजवळ ८ लिटर पाणी पडते. ही पिशवी स्थिर असेल तर. ती मोटारसायकलीवर बांधलेली असेल तर गणित आणखी बिघडते, कारण दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदाला साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे सरकतो. त्यामुळे वारा नसतानाही त्याच्या दृष्टीने पाऊस वरून न पडता समोरून, जमिनीशी जेमतेम २१ अंशांचा कोन करून येतो. चालणाऱ्या माणसासाठी बनवलेला रेनकोट मोटारसायकलीवर का गळतो, याचे कोडे येथे उलगडते. त्याची टोपी, खांदे आणि पाठ उत्तम असते, पण छातीवरची चेन, मान, मनगटे आणि मांडीवरची शिवण ही जी ठिकाणे चालताना पावसाच्या आडोशाला असतात, तीच गाडीवर पावसाच्या तोंडी येतात.

या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन येथूनच निघते. हलके सामान आणि कोरडे सामान या दोन वेगळ्या गरजा समजून लोक त्यांचा वेगवेगळा विचार करतात, वजनासाठी एक यादी आणि पावसासाठी दुसरी यादी करतात, आणि दुसरी यादी पहिलीच्या वर चढवून पिशवी दुप्पट करतात. प्रत्यक्षात या दोन्ही मिळून एकच गरज आहे. चार दिवसांसाठी माणूस पाच सदरे का घेतो, तर त्यातले तीन भिजतील अशी भीती असते म्हणून. जाड पांघरूण का घेतो, तर ते थोडेफार ओले झाले तरी ऊब राहावी म्हणून. पिशवी पाणी आत येऊ देणार नाही याची पुरती खात्री असेल, तर तोच माणूस दोन जोड्यांवर निर्धास्त राहतो. खोगीरभरती ही बहुतेक वेळा भीतीने भरलेली असते, आणि ती भीती पाण्याची असते. शिवाय ओले झालेले सामान मूळचे कितीही हलके असले तरी हलके राहत नाही: सुती जीन्स पँट कोरडी असताना पाऊण किलोची असली तर चिंब झाल्यावर दीड किलोकडे झुकते आणि पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशीही वाळत नाही.

कापडाची निवड या दृष्टीने करावी लागते. दमट हवेत ठेवलेले तंतू स्वतःच्या वजनाच्या किती टक्के ओल धरतात याचे ठरावीक आकडे वस्त्रशास्त्रात आहेत. सुतासाठी तो सुमारे साडेआठ टक्के, लोकरीसाठी सुमारे सोळा टक्के आणि पॉलिएस्टरसाठी जेमतेम ०.४ टक्के आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सुती कपड्याला तोड नाही, कारण त्याने धरलेला घाम सावकाश वाळतो आणि अंग गार राहते. पावसात मात्र हाच गुण उलटतो. १०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५७ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि शांत बसलेल्या प्रौढाचे शरीर तासाभरात निर्माण करते ७० ते ८० किलोकॅलरी. ही सगळी उष्णता शरीरातूनच जात नसली, तरी ओला सदरा घालून वाऱ्यात तासभर गाडी चालवणाऱ्याला ऑगस्टच्या दुपारीही हुडहुडी का भरते, हे यावरून समजते. लोकरीचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. धनगरांची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असून तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे भाजलेल्या चिंचोक्यांची शिजवलेली पेज तिच्यावर चढवून विणीची छिद्रे बुजवतात; लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग स्निग्ध असल्याने पाण्याचे थेंब वरच्यावर ओघळतात, तर तंतूचे पोट ओल शोषूनही अंगाला गार लागत नाही. घोंगडी दुमडून डोक्यावरून घ्यायची खोळ हा चालणाऱ्या माणसासाठी शतकानुशतके पारखलेला उपाय आहे. गाडीवर मात्र तिचे दोन-तीन किलो वजन आणि वाऱ्यात फडफडणारा घेर परवडत नाही, आणि एकदा पुरती भिजली की ती दोन दिवस ओझे होऊन बसते. येथे परंपरेचे तत्त्व घ्यावे आणि वस्तू सोडावी, म्हणजे आतला थर पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा घ्यावा आणि पाणी अडवण्याचे काम वेगळ्या वरच्या थरावर सोपवावे.

हा वरचा थर दोन प्रकारचा असतो. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारे कापड सिद्ध केले, आणि आजचा साधा प्लॅस्टिकचा किंवा रबरी अस्तराचा रेनकोट त्याचाच वंशज आहे; तो बाहेरचे पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो. दुसरा प्रकार १९६९ मध्ये बॉब गोर याने टेफ्लॉनसारख्या पदार्थाला झटका देऊन ताणले आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण झाली, तेव्हापासूनचा. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला लहान पण वाफेला मोठी असल्याने घामाची वाफ बाहेर निघते. या दुसऱ्या प्रकाराची जाहिरात भरपूर होते, पण मराठवाड्यातील पावसाळी हवा स्वतःच वाफेने जवळजवळ भरलेली असते आणि वाफेला बाहेर जाण्यासाठी लागणारा फरकच उरत नाही. त्यामुळे ताशी ४० किलोमीटरच्या प्रवासासाठी पाचपट किंमत देण्याऐवजी साध्या रबरी अस्तराचा, गाडीस्वारासाठी शिवलेला, जाकीट व विजार वेगळी असलेला रेनसूट घ्यावा आणि काखेतून वारा खेळेल अशी सोय पाहावी, हे अधिक शहाणपणाचे ठरते.

कापड किती पाणी सोसते हे मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि या आकड्याचा अर्थ विक्रेत्यालाही अनेकदा ठाऊक नसतो. ताणून धरलेल्या कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून त्याची उंची वाढवत नेतात, आणि कापडाच्या दुसऱ्या बाजूला थेंब दिसू लागले की ती उंची नोंदतात. २००० मिलिमीटरचे कापड म्हणजे दोन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसणारे कापड. हा दाब पावसातून येतो त्याहून अधिक स्वाराच्या स्वतःच्या वजनातून येतो. ७० किलोचा माणूस ०.०७ चौरस मीटर जागेवर बसला तर त्याच्याखालच्या कापडावर सरासरी एक मीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब पडतो, हाडांच्या टोकांखाली त्याच्या कितीतरी पट. आणि मांडीच्या खळग्यात साचलेले पाणी नेमके तेथेच वाट शोधत असते. विजारीच्या मधल्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे म्हणूनच आकड्याहून महत्त्वाचे आहे, कारण सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रापुढे कापडाचा आकडा शून्य असतो.

पिशव्यांच्या बाबतीत तोंड हेच मर्मस्थान आहे. तोंड तीन-चार वळ्या देऊन गुंडाळायच्या आणि दोन्ही टोके बकलाने अडकवायच्या जलरोधक पिशव्या आता सर्वत्र मिळतात व त्या चांगल्याही असतात. परंतु शेती करणाऱ्या गावात त्यांच्या तोडीची वस्तू आधीच घरात असते. युरिया हवेतील ओल झपाट्याने शोषून घेतो आणि त्याचे ढेकूळ होते, म्हणून खताची गोणी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट विणलेली असते आणि काही खतांच्या गोणीत आत जाड प्लॅस्टिकची पिशवीही असते. अशी पिशवी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, तिच्यात कपडे भरावेत, हवा दाबून काढावी, तोंड पिळून दोरीसारखे करावे, ते दुमडून घ्यावे आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी कड्याने आवळावे. पिळून दुमडलेल्या तोंडातून पाणी चढू शकत नाही. बाहेरची गोणी घासण्यापासून वाचवते, आतली पिशवी पाण्यापासून. एक मोठी पिशवी करण्यापेक्षा चार लहान कराव्यात, म्हणजे एक फाटली तरी बाकीच्या तीन शाबूत राहतात, आणि त्यांतली झोपायच्या कपड्यांची पिशवी मुक्कामाच्या छताखाली पोहोचेपर्यंत उघडूच नये. दोन जोड्यांचा नियम येथे निष्ठेने पाळावा लागतो: एक जोडी रस्त्याची, ती भिजणारच, आणि सकाळी ती ओलीच पुन्हा चढवायची, दुसरी जोडी मुक्कामाची, तिने रस्ता पाहायचाच नाही. सकाळी ओला सदरा अंगावर घालण्याचा पहिला क्षण अत्यंत नकोसा असतो आणि नेमक्या त्याच क्षणी बहुतेक लोक हा नियम मोडतात, पण दहा मिनिटांत अंगाच्या उबेने तो सोसण्याजोगा होतो आणि कोरडी जोडी संध्याकाळसाठी शिल्लक राहते. आषाढीच्या सुमारास परभणी, गंगाखेडमार्गे पंढरपूरकडे जाणाऱ्या शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीतले अनुभवी वारकरी हीच शिस्त पाळतात. त्यांची कोरडी वळकटी प्लॅस्टिकच्या कागदात असते आणि अंगावरचे अंगावरच वाळते.

वजन कोठे ठेवावे याला वजन किती आहे याइतकेच महत्त्व आहे. १०० सीसीच्या मोटारसायकलीचे स्वतःचे वजन साधारण ११० किलो आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे सव्वा मीटर असते. मागच्या आसापासून २५ सेंटिमीटर मागे, म्हणजे शेपटीवरच्या कॅरियरवर, १५ किलोची पिशवी बांधली तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार ३ किलोने कमी होतो. आकडा लहान वाटतो, पण ओल्या रस्त्यावर वळणात हॅण्डल हलके लागणे आणि खड्ड्यानंतर डुलणे याच तीन किलोंतून सुरू होते. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, पाणी, साखळीचे तेल, या आसनाच्या दोन्ही बाजूंच्या पडशीत खाली आणि पुढे असाव्यात. कपड्यांचे हलके गाठोडे मागच्या आसनावर चालते. पाठीवरची पिशवी मात्र टाळावीच, कारण तिचे वजन स्वाराच्या मणक्यावर येते आणि गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो. संपूर्ण सामान १२ किलोंच्या आत बसवता आले तर उत्तम. १५ च्या पुढे गेले की काहीतरी खोगीरभरती शिरली आहे असे खुशाल समजावे.

हत्यारांविषयी हौशी स्वार दोन टोकांना जातात. काहीजण काहीच घेत नाहीत, काहीजण गॅरेज उचलतात. गाडीला ज्या मापांचे नट-बोल्ट आहेत तेवढेच पाने, स्पार्क प्लगचा पाना, पक्कड, एक चपटा व एक फुलीचा पेचकस, एक जादा प्लग, साखळीची जोडकडी, तारेचा तुकडा आणि चिकटपट्टी एवढ्यात वाटेवरची बहुतेक कामे होतात. क्लचची जादा केबल पिशवीत न ठेवता जुन्या केबलला समांतर, तिच्याच मार्गाने आधीच ओवून ठेवावी. केबल तुटली तर भर पावसात टाकी न उकलता दोन टोके बदलून गाडी पुढे निघते आणि पिशवीतली जागाही वाचते. ट्यूबचा टायर असेल तर नवी ट्यूब घ्यावी, ठिगळे लावत बसू नये. पंक्चरवाला बहुतेक फाट्यांवर भेटतो, तेव्हा टायर काढण्याचे जड लोखंडी पट्टे झरी ते लोणारसारख्या मार्गावर घरी राहिले तरी चालतात. रॅलीचा मार्गपट, म्हणजे प्रत्येक वळणाचे चिन्ह आणि अंतर दाखवणारी कागदाची पट्टी, हा पावसातला सर्वांत नाजूक ऐवज होय; बाण आणि गोल वापरून वळण दाखवण्याची ही चित्रलिपी नेदरलँड्समधील ट्युलिप रॅलीवरून ट्युलिप या नावाने ओळखली जाते. तो पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बंद करावा आणि त्यावर टिपणे शिसपेन्सिलीने करावीत, कारण शाई पसरते आणि शिसे पसरत नाही. भिजलेल्या बोटांना मोबाईलचा पडदा नीट ओळखत नाही, म्हणून मोबाईलवर सगळी मदार ठेवणाऱ्यानेही वाटेतील गावांची नावे कागदावर लिहून ठेवावीत.

इतर ऋतू तुलनेने सोपे आहेत. हिवाळ्यात परभणी परिसरातील पहाट राज्यातील थंड पहाटांमध्ये मोजली जाते, पण तेथे वारा अडवला की निम्मे काम होते, आणि तो अडवायला तोच रेनसूट पुरतो. जाकिटाखाली छातीवर ठेवलेला वर्तमानपत्राचा घडीबंद कागद हाही जुना, खात्रीचा उपाय आहे. उन्हाळ्यात दुपारी थांबणे आणि पाणी पिणे याला पर्याय नाही. दशमी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ही शिदोरी सगळ्या ऋतूंत चालते, दमट दिवसांत मात्र दुसऱ्या दिवसापलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नये. विजा चमकू लागल्या की झाडाखाली उभे न राहता पक्क्या इमारतीत जावे; पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे ॲप जवळपास विजा पडत आहेत का ते सांगते. ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघ्याखालचे पाणीही मोटारसायकल आडवी करण्यास पुरते. तेथे दंडाचे सगळे गुण सोसून अलीकडेच थांबावे.

उरते ती परीक्षा, आणि ती निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच घ्यायची असते. प्रत्येक पिशवीत घडी केलेला कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालून, प्रवासात बांधणार तसेच तोंड आवळून, ती विहिरीच्या मोटारीच्या धारेखाली हौदात पाच मिनिटे धरावी, मधूनमधून उलटीसुलटी करावी, आणि मग अंगणात नेऊन उघडावी. कागदाच्या कडेला लागलेली ओल तोंडाची वळी सैल असल्याचे सांगते, मधोमध पडलेला डाग बारीक छिद्राचा असतो आणि त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ चालते, तर सगळ्या पानावर पसरलेला सारखा दमटपणा बहुधा आत राहिलेल्या हवेचा असतो आणि पिशवी आणखी एकदा उन्हात वाळवली की जातो.